दाराबाहेरचा कॅमेरा: ‘द पब्लिक एनिमी’चं ओळवार भाष्य

१९३१च्या एप्रिलमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ‘द पब्लिक एनिमी’ न्यू यॉर्कमध्ये झळकला, तेव्हा अमेरिकेतल्या दारूबंदीचं बारावं वर्ष चालू होतं. अल कपोनला शिक्षा व्हायला अजून सहा महिने होते. शिकागोच्या क्राइम कमिशनने आदल्याच वर्षी शहरातल्या गुंडांची जाहीर यादी काढली होती. तीत कपोनचा क्रमांक पहिला होता आणि चित्रपटाच्या नावातले शब्द त्या यादीमुळेच घरोघर पोचले होते. प्रेक्षक सकाळचं वर्तमानपत्र वाचून संध्याकाळी थिएटरात येत होता. त्याच्यासाठी हा ऐतिहासिक चित्रपट नव्हता.

दिग्दर्शक विल्यम वेलमन, निर्मितीची सूत्रं डॅरिल झॅनककडे, आणि टॉम पॉवर्सच्या भूमिकेत जेम्स कॅग्नी. या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बरंचसं कॅग्नीवर आणि एका फळावर. मला त्याचं भाष्य करायचंय ते पोथीवर करतात तसं: ओळ घ्यायची, तिच्यापाशी थांबायचं, मग पुढे जायचं. इथली ‘ओळ’ म्हणजे पडद्यावर जे घडतं त्याचं माझ्या शब्दांतलं वर्णन. सगळ्या ओळी घेतलेल्या नाहीत. जिथे चित्रपट स्वतः रेंगाळतो तिथे मीही रेंगाळणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा चित्रपट माणसं मारताना सहसा दाखवत नाही. त्या वेळी दाराशी कोण उभं आहे आणि त्याच्या कानावर काय पडतं, हे तो दाखवतो. त्याची सगळी ताकद या निवडीत आहे.

ओळ: आरंभी निवेदन येतं की गुंडाचा गौरव करायचा नसून समाजाच्या एका थरात आज जी परिस्थिती आहे ती प्रामाणिकपणे मांडायची आहे.

हे निवेदन सेन्सॉरसाठी घातलेली ढाल आहे, असं म्हणून पुष्कळ समीक्षक पुढे सरकतात. ढाल ती आहेच. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांची स्वतःची सेन्सॉर मंडळं होती आणि १९३०च्या मार्चमध्ये चित्रपट उद्योगाने स्वतःची आचारसंहिताही मान्य केली होती. खुनाची पद्धत तपशिलाने दाखवू नये, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटू नये, अशी कलमं तीत होती. तिचा खरा कडक अंमल १९३४च्या जुलैपासून सुरू झाला; तोवर ती बरीचशी कागदावरच होती.

तरी ‘परिस्थिती’ हा दावा मला पोकळ वाटत नाही. कथा लिहिणारे कुबेक ग्लासमन आणि जॉन ब्राइट दोघेही शिकागोचे, आणि ग्लासमन तर औषधविक्रेता. दारूबंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची ती औषधांच्या दुकानात. कायदा आणि गिऱ्हाईक समोरासमोर येतात त्या गल्ल्यावरचा हा माणूस. दोघांनी मिळून ‘बिअर अँड ब्लड’ नावाची कादंबरी लिहिली, ती छापली गेली नाही आणि तिच्यातून हा चित्रपट निघाला. ऑस्करसाठी नामांकन मिळालं तेही या कथेलाच.

ओळ: १९०९. शिकागोचे रस्ते, जनावरांचे गोठे, बिअरचा कारखाना. भरलेल्या बादल्या घेऊन निघालेली माणसं, आणि बादलीला तोंड लावणारी दोन पोरं.

गोष्टीची सुरुवात बंदुकीने होत नाही, बादलीने होते. कामगारवस्तीत मद्यालयातून बादली भरून बिअर घरी आणणं हा रोजचा व्यवहार होता आणि पोरांना त्या कामाला धाडणंही. टॉम आणि त्याचा दोस्त मॅट वाटेत दोन घोट घेतात, बस्स. रस्त्यावरून साल्व्हेशन आर्मीचा बँड वाजत जातो. बादली आणि बँड एकाच रस्त्यावर आहेत आणि कोणीच कोणाच्या अंगावर जात नाही. अकरा वर्षांनी याच बादलीतला माल देशाच्या राज्यघटनेविरुद्ध ठरणार आहे. वेलमन त्यावर एक शब्दही बोलत नाही.

जाता जाता एक पाठभेद. टॉमची भूमिका आधी एडवर्ड वूड्सकडे होती आणि कॅग्नी मॅट होता. काही चित्रीकरण झाल्यावर दोघांची अदलाबदल झाली, पण बालकलाकार तसेच राहिले. म्हणून छोटा टॉम वूड्ससारखा दिसतो आणि छोटा मॅट कॅग्नीसारखा. हस्तलिखितात खोडलेलं अक्षर खालून दिसावं तसं हे आहे. मला ती चूक आवडते. गल्लीतल्या दोन पोरांपैकी कोण टॉम होईल आणि कोण मॅट, हे अजून ठरलेलं नाही असं त्यामुळे वाटत राहतं.

ओळ: बाप भिंतीवरचा पट्टा काढतो, पोरगा विचारतो, विजार वर ठेवू की खाली?

बाप पोलीस आहे. तो एक अक्षरही बोलत नाही. पोराच्या प्रश्नात भीती नाही, सराईतपणा आहे. पुढे हा बाप चित्रपटातून नाहीसा होतो आणि त्याची जागा थोरला भाऊ माइक घेतो, तोही तसाच ताठ.

ओळ: १९१५. फरच्या गोदामात अंधारातून अस्वलाचं मुंडकं समोर येतं, टॉम दचकून गोळी झाडतो. पळापळीत एक साथीदार मरतो, एक पोलीस मरतो, आणि पोरांचा उस्ताद पटी नोज याच्या अड्ड्याचं दार उघडत नाही.

पटी नोजनेच पोरांना पिस्तुलं दिली होती, काही झालं तर मी आहे असं सांगून. तो पसार होतो. दारावरचा माणूस पोरांना हाकलतो आणि दार लागतं. चित्रपटातलं हे पहिलं महत्त्वाचं बंद दार. टॉम पुढे ज्या निर्दयतेने वागतो तिचा उगम मी दारिद्र्यात किंवा बापाच्या पट्ट्यात शोधत नाही, या दारात शोधतो. दिलेला शब्द पाळायचा नसतो, हे त्याला एका मोठ्या माणसाने शिकवलं.

ओळ: १९२०. बंदी लागू व्हायच्या आदली रात्र. दारूच्या दुकानापुढे झुंबड. फुलवाला गाडीतली फुलं रस्त्यावर फेकून बाटल्या भरतो, बाबागाडीतून बाटल्या निघाल्या आहेत.

जेमतेम मिनिटाभराचं दृश्य, पण कायदा समजल्याशिवाय ते पुरतं कळत नाही. राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीने मादक पेयं बनवणं, विकणं आणि वाहून नेणं यांवर बंदी घातली. पिण्यावर नाही. दुरुस्ती १७ जानेवारी १९२०पासून अमलात आली. तिच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व्होल्स्टेड कायद्याने अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेलं प्रत्येक पेय मादक ठरवलं, पण आधी कायदेशीर मिळवलेली दारू स्वतःच्या घरात ठेवायला आणि पाहुण्यांसह प्यायला मुभा ठेवली. म्हणजे बाटली मध्यरात्रीच्या आत उंबरठ्याच्या आत पोचली तर ती तुमची, नंतर रस्त्यावर सापडली तर गुन्हा. बाबागाडी का, फुलवाल्याची गाडी का, याचं उत्तर या तरतुदीत आहे. त्या रात्री खरी घाई वाहतुकीची होती. (मुंबईच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याची घडण याहून अगदी निराळी. त्यात बाळगणं आणि पिणंही बंदीखाली आलं आणि त्यासाठी परवाना लागू लागला.)

इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने वेलमनने इथे दोन तारखा एक केल्या आहेत. युद्धकालीन दारूबंदीच्या कायद्याने विक्री १ जुलै १९१९पासूनच बेकायदा झाली होती, त्यामुळे जानेवारीत दुकानं अशी उघड चालू असण्याचं कारण नव्हतं. पण ही गफलत मला खुपत नाही, कारण दृश्याचा रोख तारखेवर नाहीच. गर्दीत गुंड कुठे आहेत? दिसतात ते टोपी घातलेले गृहस्थ, बायका, जोडपी. कायदा मोडण्याची तयारी आधी सभ्य घरांनी केली. टॉम आणि मॅट त्या मागणीच्या मागून आले.

ओळ: कारखानदार लीमन आपलं नाव कुठे येणार नाही या अटीवर भागीदार होतो; टॉम आणि मॅट दारोदार बिअर खपवतात, आणि दुसऱ्याचा माल ठेवणाऱ्याच्या नळातून बिअर जमिनीवर सोडतात.

या ओळीत धंद्याचं गणित आहे. व्हिस्की थोडक्यात पुष्कळ नशा देते. ती बोटीतून, सीमेपलीकडून आणता येते. बिअर जड, भरपूर जागा खाणारी आणि नासणारी. ती शहराजवळच बनवावी लागते आणि भर रस्त्यातून ट्रकने न्यावी लागते. त्यासाठी कारखाना हवा, आणि कायद्याने अर्ध्या टक्क्याखालची फिकी बिअर बनवायला परवानगी असल्याने कारखाने उभे होतेच. रस्ता हवा, म्हणजे पोलीस हातात हवेत. खप हवा, म्हणजे ठरावीक मोहल्ला आपलाच हवा. शिकागोत टोळ्या नकाशावर रेघा मारून एकमेकांना का मारत होत्या, हे बिअरच्या वजनावरून कळतं. लीमनसारख्या माणसाला पडदा जितका वेळ देतो त्याहून तो फार मोठा आहे. मरणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नाही, हे वेलमनने मुद्दाम सोडलेलं दिसतं.

ओळ: युद्धावरून परतलेल्या माइकसाठी घरी जेवण आहे, टेबलाच्या मधोमध बिअरचं भलं मोठं पिंप.

इथे थांबायला हवं. पिंप एवढं मोठं आहे की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचं तोंड बघायला वाकावं लागतं. आई डोकावते, मॅट डोकावतो. सगळे हसायचा प्रयत्न करतात. माइक हसत नाही आणि पीतही नाही. शेजारच्या पोलिसाने त्याला टॉमचा धंदा आधीच सांगितलाय. अखेर तो उठतो, पिंप उचलून आदळतो आणि म्हणतो की यात नुसती बिअर नाही, माणसांचं रक्त आहे. न छापलेल्या कादंबरीचं नाव इथे त्याच्या तोंडी येतं.

माइक बरोबर आहे, असं निवेदनाला वाटतं. पण टॉमच्या उत्तराने दृश्याचा तोल फिरतो. तुझेही हात काही स्वच्छ नाहीत, जर्मनांचे हात हातात घेऊन तुला ती पदकं मिळालेली नाहीत, अशा अर्थाचं तो बोलतो. हे उत्तर लिहिणं सोपं होतं, ते पडद्यावर इतक्या जोराने ठेवणं सोपं नव्हतं. वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढाऊ विमान चालवत होता, त्याला पदक मिळालेलं होतं आणि हवाईयुद्धावरच्या त्याच्या ‘विंग्ज’ला पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता. पदकामागे काय असतं हे ठाऊक असलेला माणूस हे वाक्य गुंडाच्या तोंडी घालतो आणि माइकला त्यावर उत्तर देऊ देत नाही.

मला यात आईकडे बघावंसं वाटतं. बेरिल मर्सरची आई पुष्कळांना अति भाबडी वाटते. पण पिंप टेबलावर ठेवू दिलं तिने. रक्ताची गोष्ट घराबाहेर घडते आणि पैसा, बिअर, भेटवस्तू तेवढ्या घरात येतात, ही तिची समजूत. बाबागाडी ढकलणाऱ्या जोडप्याची तरी दुसरी कोणती होती?

ओळ: न्याहरीच्या टेबलावर टॉम अर्धं ग्रेपफ्रूट किटीच्या तोंडावर दाबतो.

चित्रपटाची सगळी कीर्ती या काही सेकंदांनी खाल्ली. किटी झालेली मे क्लार्क ही चांगली अभिनेत्री जन्मभर याच फळाने ओळखली गेली, आणि तो तिच्यावर झालेला अन्याय होता. भाष्यकाराने इथे एकच बघावं की भांडणाचं निमित्त काय आहे. टॉम उठल्या उठल्या दारू मागतो, किटी म्हणते न्याहरीच्या आधी नको. आख्ख्या शहराला दारू पाजणाऱ्याला स्वतःच्या टेबलावर मिळालेला हा साधा नकार आहे, आणि घराच्या आत, कॅमेऱ्यासमोर त्याचा हात उठतो. माणसं मरताना दूर राहणारा कॅमेरा इथे अगदी जवळ आहे.

ओळ: पटी नोज गयावया करतो, पियानोवर बसून पोरांना शिकवलेलं जुनं गाणं वाजवू लागतो, कॅमेरा त्याच्यावरून सरकत दाराशी उभ्या मॅटवर येतो, गोळ्यांचा आवाज.

माझ्या मते हे बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांतलं सर्वांत विचारपूर्वक रचलेलं दृश्य आहे. नाइट क्लबातून माग काढत दोघं जुन्या उस्तादाच्या घरी आलेत. तो आधी गुडघ्यांवर येतो, मग मॅटकडे आशेने बघतो, मग त्याला पियानो आठवतो. पोरं लहान असताना अड्ड्यावर तो हेच चावट गाणं गायचा आणि ती खदखदून हसायची. तेच गाणं तो जीव वाचवायला वाजवतो. टॉम त्याच्या पाठीशी उभा. ओठांवर हसू, हात कोटात.

मग कॅमेरा वळतो. तो पियानोपासून निघून खोली ओलांडतो आणि दाराशी मॅटवर स्थिरावतो. गाणं चालूच आहे. गोळी सुटते, एक उसासा, पियानोच्या पट्ट्यांवर काहीतरी पडल्याचा बेसूर आवाज, मग शांतता. आपण बघत असतो फक्त मॅटचा चेहरा. टॉम फ्रेममध्ये परत येतो, दाराकडे जाता जाता म्हणतो की ग्वेनला, म्हणजे मैत्रिणीला, फोन करावा, ती आता घरी पोचली असेल.

आचारसंहितेमुळे खून लपवला, असं म्हणून हे सुटत नाही. खून लपवायला एक कट पुरला असता. वेलमनने कट केला नाही, कॅमेरा चालवत नेला, म्हणजे आपल्यालाही त्या खोलीतून चालत दारापाशी नेलं आणि मॅटशेजारी उभं केलं. मॅट काही करत नाही, थांबवत नाही, निघूनही जात नाही. श्रेयनामावली सोडली तर चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते त्या खोलीतलं, त्या रस्त्यावरचं. त्यामुळे मन दुसरीकडे न्यायला व्हायोलिन येत नाही. १९२७नंतर आवाज हे नवं खेळणं हाती आलेल्या उद्योगाने बहुतेक ठिकाणी माणसांना नुसतं बोलायला लावलं होतं. वेलमनने त्या आवाजाला साक्षीदार केलं.

ओळ: टोळीप्रमुख नेल्स नेथन घोड्यावरून पडून मरतो, टॉम आणि मॅट तो घोडा विकत घेतात, तबेल्यातून गोळ्यांचा आवाज.

शिकागोचा सॅम्युएल ‘नेल्स’ मॉर्टन १९२३ साली घोड्याच्या अपघातात खरंच मेला होता, आणि साथीदारांनी घोड्याला मारल्याची दंतकथा शहरात प्रसिद्ध होती. इथेही मृत्यू कानावरच पडतो.

ओळ: कोळशाच्या गाडीच्या खडखडाटाने दोघं दचकतात, क्षणभराने खऱ्या मशीनगनने मॅट कोसळतो. मग पाऊस, दोन पिस्तुलं, आणि टॉम एकटाच शत्रूच्या अड्ड्यात शिरतो.

आधी खोटा आवाज, मग खरा. टॉम ज्या भिंतीआड दडतो तिच्यावर चित्रीकरणात खऱ्या गोळ्या झाडल्या होत्या; दगडाचे टवके उडताना दिसतात ते खरे आहेत. आज कोणी असं करू नये, पण त्या टवक्यांकडे बघताना अंगावर काटा येतो हेही खरं.

पावसात टॉम आत जातो, कॅमेरा बाहेर रस्त्यावरच उभा राहतो. आतून गोळीबार, किंकाळी. पुन्हा दार, पुन्हा कान. बाहेर येतो तो लटपटत, आणि आपण वाटतो तितके भक्कम नाही अशी कबुली देत गटारीत पडतो. कॅग्नी मूळचा रंगमंचावरचा नाचणारा. ते कोसळणं तोल सांभाळता येणाऱ्यालाच जमेल असं आहे, प्रत्येक पावलात शरीर थोडं थोडं हातातून सुटतं. आईच्या हनुवटीवर हलकीशी बुक्की मारायची त्याची लकब त्याने आपल्या वडिलांकडून उचलली होती, असं तो सांगे. न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतला दारूच्या गुत्त्यावर काम केलेला तो बाप, आणि त्याची ती माया या खुनी पोराच्या हातात आलेली. तिच्यामुळे टॉम निव्वळ राक्षस होत नाही.

ओळ: फोन येतो की जखमी टॉमला इस्पितळातून घरी आणतायत. आई गाणं गुणगुणत वर अंथरूण घालायला जाते, ग्रामोफोनवर तबकडी फिरतेय. दारावर थाप. माइक दार उघडतो. पट्ट्यांत गुंडाळलेला, दोरखंडांनी बांधलेला टॉम उभा आहे, आणि तोंडावर आत कोसळतो.

आतापर्यंत बहुतेक मरणं दारापलीकडे होती आणि आपण अलीकडे. आता पहिल्यांदा आपण घराच्या आत आहोत आणि मरण दार वाजवतं. देह सरळ आपल्या दिशेने पडतो. सबंध चित्रपटभर दिग्दर्शकाने जे राखून ठेवलं ते इथे उधळलं. आधीच्या दृश्यांत रक्त दाखवलं असतं तर या पडण्याला हे वजन आलं नसतं.

ग्रामोफोनवर १९१९च्या सुमारास लोकांच्या ओठांवर असलेलं, हवेत सोडलेल्या बुडबुड्यांविषयीचं गोड गाणं आहे. ते आईच्या गुणगुणण्यात मिसळतं. आई खाली येत नाही, तिला काही कळलेलं नाही. ती खाली आल्यावर काय होईल ते चित्रपट सांगत नाही. तिचं हंबरडा फोडणं दाखवलं असतं तर आपण रडून मोकळे झालो असतो, आणि ते वेलमनला नको होतं. माइक प्रेताजवळून उठतो, कॅमेऱ्याकडे चालत येतो. पिंप फोडणारे हात लोंबकळत आहेत. पिंपाच्या जेवणात रक्त घरात आणल्याचा आरोप त्याने केला होता. त्या आरोपाचा पुरावा आता त्याच्याच उंबरठ्यावर पडलाय, आणि बरोबर ठरल्याचा त्याला काडीचाही उपयोग नाही.

ओळ: शेवटी पुन्हा निवेदन: हा शत्रू म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, तो प्रश्न आहे आणि कधी ना कधी तो जनतेलाच सोडवावा लागेल.

आरंभीच्या निवेदनापेक्षा हे धीट आहे, कारण इथे बोट थिएटरातल्या खुर्च्यांकडे वळतं. जनतेने कायद्यापुरता तो प्रश्न लवकरच सोडवला. ५ डिसेंबर १९३३ला एकविसाव्या दुरुस्तीने अठरावी रद्द झाली; सौम्य बिअर तर त्याच वर्षीच्या एप्रिलपासूनच पुन्हा उघड नळावर आली होती. लीमनसारख्यांना त्यासाठी नाव लपवायची गरज उरली नाही. टोळ्यांनी दारूच्या धंद्यात जमवलेला पैसा, ट्रक आणि विकत घेतलेले अधिकारी मात्र त्या दुरुस्तीने रद्द झाले नाहीत.

बंदी उठली आणि सहा-सात महिन्यांतच पडद्यावरची आचारसंहिता कडक झाली. ‘द पब्लिक एनिमी’ पुन्हा प्रदर्शित होताना त्याला कात्री लागली. टॉमच्या अंगाचं माप घेणारा शिंपी गेला, दारूच्या धुंदीतल्या टॉमला जवळ ओढणारी बाई गेली. अनेक वर्षं लोकांनी तीच छाटलेली प्रत पाहिली. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला आणि पुढे कापलेले तुकडे जोडलेली प्रत उपलब्ध झाली. पाहायचा तर तोच पाठ पाहावा. त्या दोन दृश्यांत टॉम कोणाला मारत नाही, कोणावर हुकूम चालवत नाही. दुसऱ्यांचे हात त्याच्या अंगावर आहेत आणि तो गांगरलेला आहे. गुंडाविषयी सहानुभूती वाटू नये म्हणून नियम करणाऱ्यांच्या कात्रीने नेमका तो गांगरलेला टॉम काढून टाकला.